पाइपाचं तोंड
वेल्डिंगचा जळका वास आला की मला आमचे आण्णा आठवतात. उद्यमबागेतल्या एका कारखान्यात ते वेल्डर होते. दर रविवारी आम्हा सगळ्यांना घेऊन ओढ्यावर गळ टाकायला जायचे आणि आई काठावरच चूल मांडायची. त्यांच्याच कारखान्याच्या मालकानं ओढ्यात घाण पाणी सोडलं, मासे मेले. आण्णा सांगायला गेले, तर त्यानं हाकलून दिलं. पुढच्या सुट्टीला आण्णांनी त्याच्या पाइपाच्या तोंडावर लोखंडी पत्रा वेल्ड केला. सोमवारी सगळी घाण उलटून मालकाच्या केबिनमध्ये शिरली. पत्रा कापायला त्यानं आण्णांनाच बोलावलं. "कुणी केलं रं हे?" "मीच. माझ्या पोरांचा ओढा मारलासा. आता तुमीच कापा," म्हणून आण्णा घरी आले. त्यांचं काम सुटलं, मासेही परत आले नाहीत. आज आण्णा नाहीत. पण तो मालक घाणीत उभा होता, हे आठवलं की माझ्या जिवाला अजून गार वाटतं.