लेकीसाठी वळवलेलं पानी

आमचं मालक, आकाराम, पलटणीतनं पेन्शन घिऊन आलं, पर घरात बसंनात. पाटणच्या वरल्या अंगाला डोंगरमाथ्यावर आमचं वावर. पावसाळ्यात त्यात पानी तुंबायचं, नाचणी कुजायची. भूकंपाच्या साली वावराच्या कडंला लांबलचक भेग पडली. बाकीची मानसं तिला घाबरली. ह्यांनी चर खणून तुंबलेलं पानी तिच्यात सोडलं. भेगंनं गटागटा पिलं. नाचणी कशी तरारली, बाई!

डोंगराच्या पायथ्याला आमची लेक मनुबाई दिलेली. पुढल्या सालापास्नं तिच्या परसातला झरा दुप्पट वाहू लागला. मग काय इचारता! "लेकीला पानी धाडलंय मी," म्हनत मालक मिशीला पीळ देत गावभर फिरायचं.

मग पुण्याचा एक साहेब डोंगर तपासत आला. भेग बघून त्यानं कपाळाला हात लावला. म्हनला, ह्यो समदा डोंगर ज्वालामुखीच्या रसाचा, थरावर थर. मधी लाल मातीचा थर हाय. पानी मुरलं की ती लोण्यावानी हुती, मग वरचा कडा सुटून दगडमातीचा लोंढा खाली जातो. चर बुजवा, पायथ्याची घरं हलवा.

"आगीतनं झालेला डोंगर, आन पान्याला भितो व्हय?" मालकांनी मला इचारलं. मला काय ठावं? "बुजवा की एकदाचा!" मी खेकसले.

"मग मनूचा झरा आटंल."

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय! रोज फावडं घिऊन जायचं, रोज तसंच परत यायचं. लय खुळ्यावानी झालं व्हतं मानूस.

शहात्तर सालच्या श्रावणात पाऊस धो धो कोसळत व्हता, आन मनूचा सांगावा आला: झरा गढूळ झाला, मग बंदच पडला. आता भर पावसात झरा आटतो कुटं? साहेबाचं खरं, का डोळ्यांनी दिसतंय ते खरं? आमाला काय उमजंना. पानी पोचत नसंल, असं म्हनून मालकांनी चर आनखी रुंद केला.

दुसऱ्या सकाळी डोंगर गरजला. अर्धं वावर जाग्यावर न्हवतं. आमी धडपडत खाली गेलो, तर मनूचं घर न्हवतं, सासू न्हवती, गोठा न्हवता. झरा आटला म्हनून मनू पल्याडच्या ओढ्याला हंडा घिऊन गेली व्हती, तेवढीच वाचली.

बापाच्या गळ्यात पडून पोर रडली. "आबा, कालपास्नं वाट बघत व्हते. तुमचं पानी आलंच न्हाई वो."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. आलं व्हतं, असं त्या पोरीला कुठल्या तोंडानं सांगायचं?