साहेबाचे ‘असते तर’

बटलरमामांना इंग्रजीचे एक अक्षरही वाचता येत नसे. तरीही रत्नागिरीत साहेबाचे बोलणे पुरतेपणी समजणारा त्यांच्याइतका दुसरा माणूस मला भेटला नाही. साहेब बोलू लागला की ते त्याच्या तोंडाकडे पाहत नसत. मान किंचित कलती करून जमिनीकडे पाहत आणि फक्त ऐकत. मूळचे वेळणेश्वरचे, पोरवयात टेकडीवरच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या बंगल्यात भांडी घासायला राहिले आणि साहेबामागून साहेब पाहत तिथेच बटलर झाले. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवीत असे. त्या विषयात मला बक्षीस मिळालेले होते, आणि प्रत्यक्ष इंग्रज माणूस समोर आला की मला घाम फुटत असे.

आमची ओळख माझ्या फजितीतून झाली. शाळेच्या समारंभाला साहेबांनी यावे म्हणून हेडमास्तर मला घेऊन बंगल्यावर गेले होते. साहेब हसले, काहीतरी भराभर बोलले आणि हात हलवून आत गेले. “येणार, बरे का!” असे म्हणत हेडमास्तर पायऱ्या उतरले. माझी विसरलेली छत्री आणून देताना मामा हळूच म्हणाले, “मास्तर, साहेबाची खुर्ची मांडू नका.”

“का? येतो म्हणाले ना?”

“‘आय्‌डव्ह कम’ म्हणाले. आलो असतो. आलो असतो नि येतो, यांच्यामधी अख्खा समुद्र हाय.”

जे ‘आय वुड हॅव’ मी फळ्यावर सुटे सुटे, वळणदार लिहीत असे, ते साहेबाने एका घोटात गिळले होते. हेडमास्तरांना हे सांगण्याचा मला धीर झाला नाही. समारंभात मखमली खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी मी बंगल्याच्या मागच्या पायरीवर जाऊन बसू लागलो. मामा चांदीचे काटेचमचे पुसत आणि मी वाक्ये म्हणून दाखवीत असे. “तुम्ही इंग्रजी इस्त्री करून बोलता,” ते म्हणत, “साहेब चुरगळून बोलतो.” त्यांच्या मते साहेबाला तोंडावर ‘नाही’ म्हणणे असभ्यपणाचे वाटे. “आपला माणूस नाय म्हणायचां तर नाय म्हणतो, भांडण होतां, संपतां. साहेब ‘केलां असतां’ म्हणतो, नि समोरचा खूश होऊन घरी जातो.”

एकदा जंगलखात्याचा एक कारकून फुशारकीने सांगत आला की, साहेब आपल्याशी मित्रासारखे बोलले. ‘तुझ्या जागी मी असतो, तर ही फाइल पुढे नेली नसती’ असे म्हणाले. चमचा पुसता पुसता मामा म्हणाले, “हुकूम झाला. फाइल आजच बांधून ठेवा.”

“अहो, साहेब माझ्या जागी कशाला येतोय? माझा पगार पाहिलाय का त्यानं?” कारकून हसला. मीही हसलो. त्याने फाइल पुढे नेलीच, आणि महिन्याभरात त्याची बदली घाटावर झाली. तेव्हापासून वकीलसुद्धा बंगल्यातून बाहेर पडले की मामांना आडोशाला घेऊन विचारीत, “काय म्हणाला हो साहेब?”

पुढे तो साहेब निवृत्त होऊन विलायतेस गेला. मामांनी त्याची चौदा वर्षे सेवा केली होती. मांडवीच्या बंदरावर निरोप घेताना साहेबाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही लागले तर लिही, असे सांगितले. मामांना एकच गोष्ट हवी होती. त्यांचा मुलगा शांताराम व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे मराठी सातवी, झाला होता, आणि मुंबईच्या एका सरकारी कचेरीत त्याला चिकटवण्यासाठी साहेबाची चिठ्ठी पुरेशी होती. मागायची लाज वाटून मामांनी पुरे वर्ष घालवले. मग पत्र माझ्याकडून लिहून घेतले.

उत्तर आले तेव्हा ते धावतच माझ्या बिऱ्हाडी आले. साहेबाने बोलल्यासारखेच लिहिले होते. गिळलेल्या अक्षरांच्या जागी नुसती वर टांगलेली, स्वल्पविरामासारखी चिन्हे होती. मजकूर असा, की आधी कळवले असतेस तर मी आनंदाने शब्द टाकला असता. ज्यांना लिहिले असते ते गृहस्थ आता त्या जागेवर नाहीत. शेवटी प्रकृतीची चौकशी.

“काय म्हणतो साहेब?” मामांनी विचारले. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती.

मला कोणाच्याही तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नाही. हा स्वभाव लोक सज्जनपणात जमा करतात. मी म्हणालो, “करतो म्हणतात. जरा वेळ लागेल.”

हे एक वाक्य त्यांनी दोन वर्षे सांभाळले. त्याच सुमारास त्यांच्या मेहुण्याने शांतारामसाठी गिरणीच्या गोदामात जागा पाहून ठेवली होती. बटलरमामांनी कळवून टाकले, “नको. साहेब करतोय.” ती जागा दुसऱ्याने घेतली. रस्त्यात भेटले की मला विचारीत, “टपाल लांबून येतां, न्हय का मास्तर?” मी मान हलवीत असे. खरे सांगायचे दर रविवारी ठरवी, आणि पुढे पुढे रविवारी त्या बाजूला जाणेच मी बंद केले. सरकारी नोकरीला लागणारे शांतारामचे वय तेवढ्यात उलटून गेले.

एका सकाळी मामा ते पत्र रुमालात बांधून घेऊन आले. बसले नाहीत. “मास्तर, आज मराठीत नको. जसां लिवलांय तसां वाचा.”

मी वाचू लागलो. त्यांनी मान कलती केली. दुसऱ्या वाक्यालाच त्यांनी हात वर करून मला थांबवले.

“ह्यां तुम्हाला तवाच कळलां होतां?”

“हो.”

“मना का नाय सांगितलांत?”

त्यांनी पत्र माझ्या हातातून घेऊन त्याची घडी केली. “साहेबानं मना खोटां नाय सांगितलां,” ते म्हणाले. “त्येचा ‘नाय’ त्यानं धाडला होता. तुम्ही तो वाटेत ठेवून घेतलात.”

शांताराम पुढे दाभोळला मासळीच्या पाट्या वाहू लागला. शिकलेला पोरगा म्हणून तिथले लोक त्याला ‘कारकून’ म्हणून चिडवीत, असे ऐकले. मामा बंगल्यावरची नोकरी सोडून वेळणेश्वरला गेले. जाण्यापूर्वी बाजारात एकदाच दिसले. मी मोठ्या कष्टाने धीर करून पुढे झालो. ते बाजूला सरले, मला वाट करून दिली, आणि बंगल्यावर वर्षानुवर्षे करीत तसा कमरेत वाकून सलाम केला.

“चला, साहेब,” म्हणाले, आणि वाण्याच्या दुकानात शिरले.