चौदा ठोक्यांनंतर उजवीकडे

अकरा वर्षांची असताना मी एका वहीत दादाच्या पराक्रमापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. दादा ते अजून विसरलेला नाही.

वही माझी होती, खेळ त्याचा. भिवंडीच्या निजामपुऱ्यात यंत्रमागांच्या गल्लीत व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. उंच लाकडी पेट्या, त्यात टीव्ही, खाली एक दांडी आणि दोन बटणं. नाणं टाकलं की विमान वर सुटायचं आणि दिसेल त्याच्यावर गोळ्या झाडत जायचं. एका नाण्याला दोन विमानं. मुली तिथे जात नसत. कोणी मनाई केली होती असं नाही, पण जात नसत. त्यामुळे टेमघरच्या घरी बसून मला तो खेळ दादाच्या तोंडूनच कळायचा. तो जेवता जेवता सांगायचा आणि मी लिहून घ्यायची, कारण आधी लिहून ठेवलं की पुढच्या वेळी तीच चूक होत नाही, असं मला तेव्हाही वाटायचं. नोंदी अशा: ‘दुसरा टप्पा. पुलानंतर चौदा, मग उजवीकडे.’ ‘पाचवा टप्पा. होड्या सुटल्या की नऊ, मग मध्ये यायचं.’ शेवटच्या पानावर सूचना होत्या. त्यातली पहिली, लाल शाईत: ‘शुक्रवारी खेळायचं नाही. मालक मशीन कडक करतो.’ हे गल्लीतल्या सगळ्या पोरांना माहीत होतं. शुक्रवारी भलेभले दुसऱ्या टप्प्यात मरायचे.

मग एका दुपारी दादा धापा टाकत घरी आला. एका नाण्यात आठही टप्पे झाले, शेवटचं मोठं जहाज फुटलं, असं सांगू लागला. मी विचारलं, मग पुढे काय झालं? काही अक्षरं आली का, गाणं वाजलं का? तो म्हणाला, काही नाही, खेळ परत पहिल्या टप्प्यापासून सुरू झाला. नेमके तेव्हाच त्याचे मित्र दुकानात शिरले होते. त्यांनी त्याला पहिल्या टप्प्यात पाहिलं आणि हसत सुटले. पहिल्या टप्प्यात आहे म्हणजे मेलाय आणि नवीन नाणं टाकलंय, सरळ हिशेब. मी वहीत लिहिलं, ‘आठवा टप्पा पूर्ण’, आणि पुढे बरोबरची खूण करायच्या जागी प्रश्नचिन्ह टाकलं. साक्षीदार नव्हता.

वर्षभरात दुकान बंद पडलं. प्रश्नचिन्ह तसंच राहिलं. पुढे घरात दादाने काहीही मोठं सांगितलं, की कोणीतरी शांतपणे ‘आठवा टप्पा’ म्हणायचं आणि विषय संपायचा. आता ते त्याची मुलंही म्हणतात.

आज दादाचं टेमघरलाच इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे आणि मी जवळच्याच पूर्णा गावातल्या एका गोदामात माल पाठवण्याचं काम सांभाळते. दिवसभर याद्याच. गेल्या दिवाळीत मला कळलं, की त्या काळातले दुकानातले खेळ आता घरच्या टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर मिळतात, अगदी जसेच्या तसे. मी कन्सोल घेतला, जादा वायर घेतली, वही शोधली आणि रविवारी दुपारी दादाकडे गेले.

खेळ खरोखर तोच होता. जुना पडदा उभा असायचा, म्हणून टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या आणि मधल्या जागेत ते छोटं विमान दिसू लागलं. दादा खुर्ची पुढे ओढून बसला. या घरच्या खेळात नाण्यासाठी एक बटण असतं. ते दाबलं की नाणं पडल्याचा आवाज होतो, हवी तितकी नाणी टाका. दादाने एकदाच दाबलं आणि म्हणाला, आता या बटणाला कोणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या टप्प्यात पुलावर मेला.

मी वही उघडून ‘पुलानंतर चौदा’ वाचून दाखवलं. त्याने चौदा मोजले. तोवर रणगाडा येऊन गोळी घालून गेला होता. मी मोबाइलवर सेकंद लावले, तेही जमेना. असे तीन रविवार गेले. दुसरा टप्पा कधी ओलांडला नाही. वहिनी चहा ठेवताना म्हणाली, ‘ताई, तुमच्या दादांना पूल तरी ओलांडून द्या, जहाजाचं नंतर बघू.’ मुलं हसली. दादा हसला नाही. मुलं बाहेर गेल्यावर मला म्हणाला, ‘बाय, पोरं काय बोलतात त्याचं मला न्हाय वाटत. तू लिवलंस ना, त्याचं लागतं. मी खोटं न्हाय बोललो तवा.’

मी घरी येऊन वही पहिल्यापासून वाचली, एखाद्या चुकलेल्या मालाचे कागद वाचावेत तशी. पहिली गोष्ट दिसली, ती वाचून माझं मलाच लाजल्यासारखं झालं. वहीभर आकडे होते, पण चौदा काय, नऊ काय, हे कुठेच नव्हतं. माझ्या हाताखालच्या कोणी नुसतं ‘चौदा’ लिहिलेला कागद दिला तर मी तो परत पाठवते. खोके का गोण्या, ते आधी लिही म्हणते. मी दादाला फोन केला. चौदा म्हणजे काय? तो म्हणाला, चौदा म्हणजे चौदा, तिथे उभं राहिलं की मोजले जायचे.

मग लाल शाईतली सूचना परत वाचली आणि विचारलं, दुकानाच्या शेजारी काय होतं?

दादा म्हणाला, माग होते की. भिंतीला लागूनच. इतका आवाज, की मशीनचा आवाज कधी आलाच नाही.

शुक्रवारी माग बंद असतात. भिवंडीत हे कोणाला सांगावं लागत नाही, आणि म्हणूनच इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. मालक शुक्रवारी काही कडक वगैरे करत नव्हता. पोरं भिंतीपलीकडच्या मागाच्या ठोक्यावर खेळत होती आणि शुक्रवारी तो ठोकाच नसायचा. वहीतले चौदा म्हणजे चौदा ठोके होते.

कामावरून येताना मी वाट वाकडी केली. मागांच्या एका कारखान्याच्या दारात उभी राहून मोबाइलवर आवाज भरून घेतला आणि रविवारी स्पीकरवर लावला. दादाने दोन मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. ‘हा तो न्हाय. ही नवीन मशीनं हायत. धोटेवाला माग पाहिजे.’ धोटा म्हणजे आडवा धागा घेऊन इकडून तिकडे फेकला जाणारा लाकडी तुकडा. तो आपटतो त्याचा ठोका वेगळा. नव्या मशीनमध्ये धोटाच नसतो.

मी विचारायच्या लोकांची यादी केली. गोदामातल्या एका मुकादमाचा सासरा निघाला. त्याने अजून चार जुने माग चालू ठेवले होते. मला काय पाहिजे ते सांगितल्यावर तो म्हातारा माझ्याकडे बघतच राहिला. ‘आवाज ले जाने आई है? कपडा नहीं चाहिए?’ पण त्याने स्वतः मला भिंतीपलीकडे उभं केलं, कारण भिंतीतून येणारा आवाज वेगळा असतो हे त्याला न सांगता कळलं. मी पाऊण तास उभी राहून आवाज भरून घेतला.

त्या रविवारी स्पीकर भिंतीला टेकवून मोठ्याने सुरू केला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. वहिनी आतून आली. तिचं माहेर निजामपुऱ्यातलं, दोन्ही बाजूंना माग. कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘या आवाजातून सुटायचं म्हणून मी टेमघरचं स्थळ पसंत केलं होतं.’

दादाचा पाय ठोक्यावर हलायला लागला होता. पूल आला, त्याचे ओठ हलले, विमान उजवीकडे गेलं आणि रणगाड्याची गोळी मोकळ्या जागेतून निघून गेली. मी वही बंद केली. त्याला आता तिची गरज नव्हती. पाचव्या टप्प्यात होड्या सुटल्या, तो मध्ये आला. सातव्यात एक विमान गेलं आणि शेवटचं उरलं. तिन्ही मुलं येऊन मागे वहिनीशेजारी उभी राहिली. कोणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

आठव्यात मोठं जहाज आलं. दादा मला वाटलं त्यापेक्षा खूप वेळ त्याच्या डाव्या कुशीला चिकटून राहिला. मग जहाज फुटलं. तुकडे खाली गेले, समुद्र रिकामा झाला. अक्षरं आली नाहीत. गाणंही नाही, मी टीव्हीचा आवाज चालू करून पाहिला. विमान जरा वेळ तसंच पुढे गेलं, आणि किनारा आला, आणि पहिल्या टप्प्यातली पहिली तीन विमानं समोरून आली.

खेळ परत पहिल्यापासून सुरू झाला होता.

दादाने माझ्याकडे पाहिलं. नाण्याच्या बटणाला कोणीही हात लावलेला नव्हता आणि पाच साक्षीदार होते. मी पेन काढलं, प्रश्नचिन्ह खोडलं, बरोबरची खूण केली आणि खाली सही केली. मुलांनीही केली. मग मी पानं उलटून प्रत्येक आकड्यापुढे ‘ठोके’ लिहीत गेले. तेवढ्यात त्याचं उरलेलं विमान गेलं. त्याचं पडद्याकडे लक्षच नव्हतं. तो वही बघत होता.

लाल शाईतली शुक्रवारची ओळही मी खोडायला घेतली. ती नोंद चुकीची होती. दादाने हात धरला. ‘ती ऱ्हाऊ दे. मालक तसाही कडकच होता.’

मग त्याने नाण्याचं बटण दाबलं आणि कन्सोलचा रिमोट माझ्या हातात दिला. तो खेळ मी आयुष्यात पहिल्यांदा हातात धरला. मला सगळे आकडे पाठ होते. पुलावर मी बरोबर चौदा मोजले आणि डावीकडे गेले.