खेकड्यांच्या पिंजऱ्यातली कोंबडी

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. साठच्या दशकात मी आखातात कामाला होतो. तिथे अजमानहून उम्म अल कुवैनला जाताना एका शेखाची हद्द संपून दुसऱ्याची लागायची, आणि बाहेरून आणलेला खेकडे धरायचा पिंजरा चौकीवर जप्त होई. मला शुक्रवारी खेकडे धरायचा नाद होता, म्हणून रिकामा पिंजरा मांडीवर होता. गाडीत शेजारी रत्नागिरीकडचे एक चाचा बसले होते. काखेतल्या कोंबडीची मान ते अंगठ्याने कुरवाळत होते. तापानं निजलेल्या भावाला तिचा रस्सा पाजायचा होता.

चौकी दिसताच त्यांनी कोंबडी माझ्या पिंजऱ्यात ठेवली.

"एका कोंबडीला एवढा पिंजरा?" शिपायानं विचारलं.

"घरंदाज आहे, हबीबी," चाचा म्हणाले.

शिपाई हसला. "यल्ला, जा."

"कायदा पिंजऱ्याला आहे भाऊ, खुराड्याला नाही," चाचा मला हळूच म्हणाले.

उतरल्यावर ते कोंबडीचे पाय बांधायला सुतळी शोधू लागले. ओहोटी चुकेल म्हणून मी घाईनं झाकण उघडलं आणि कोंबडी वाळूत पळाली. चाचा लुंगी सावरत तिच्यामागे धावले. मी पिंजरा उचलून खाडीकडे चालता झालो. खेकडे भरपूर मिळाले. त्यांना एकही नेऊन दिला नाही.

त्या चाचांची एक कोंबडी मी अजून देणं लागतो.