समोरच्या भिंतीवरचा कूलर

वंदना पौनीकर कूलर बनवतात हे सगळ्या महाल वस्तीला ठाऊक आहे, तरी नवं गिऱ्हाईक दुकानात आलं की आधी त्यांच्या नवऱ्याशीच बोलतं. दुर्गेशराव सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि शेवटी म्हणतात, "हे तिले सांगा. मी फक्त ताटीत गवत भरतो."

बावीस वर्षं झाली. पत्रा मोजणं, कापणं, वाकवणं, रिव्हेट मारणं, सगळं वंदनाताईंच्या हातचं. चालू कूलरसमोर तळहात धरून त्या सांगतात, डावीकडच्या जाळीच्या ताटीत गवत कमी पडलंय. दुर्गेशराव उघडून बघतात. कमी पडलेलं असतं.

तर या वंदनाताईंकडे फेब्रुवारीत गोपाळराव लांजेवार आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, दारात जुनी जीप, आणि डोक्यात जीपमागे ओढत न्यायचं घर. चाकं आणि लोखंडी सांगाडा त्यांनी तयारच आणला होता. वरचं पत्र्याचं घर तेवढं हवं होतं.

"मी कूलर बनवते, काका."

"मोठा कूलर समज. आत माणसं बसतील."

त्यांच्या बायकोची, शोभाताईंची, एकच अट होती: उंची. त्यांचे गुडघे वाकत नाहीत. "मले आत ताठ उभं राहता आलं पाहिजे वं. वाकूनच शिरायचं असतं तं मी देवळात गेली असती, चिखलदऱ्याले काहून जाऊ?"

वंदनाताईंनी घर आतून साडेसहा फूट उंच केलं. छतावर गोपाळरावांच्या वेताच्या खुर्च्यांसाठी कठडा लावला. आणि समोरच्या भिंतीवर, जीपच्या टपावरून डोकावेल असा, भलामोठा कूलर बसवला. ही त्यांची स्वतःची अक्कल.

"पळत्या गाडीले समोरून वारा फुकट येते," त्यांनी गोपाळरावांना समजावलं. "पंखा नको, लाइट नको. ताट्या ओल्या करायच्या आणि निघायचं. चहाले थांबलात की दार उघडा, आत काश्मीर."

गोपाळराव इतके खूश झाले की त्यांनी पेंटर बोलावला. आजवर दुकानातल्या प्रत्येक कूलरवर 'दुर्गेश कूलर्स' लिहिलेलं असायचं. या कूलरवर लाल अक्षरांत पहिल्यांदाच 'वंदना' आलं. वंदनाताईंनी दिवसभरात ते चार वेळा पुसलं. धूळ नव्हती.

होळीनंतरच्या शनिवारी दोन्ही जोडप्यांनी काटोल रोडवर पहिली फेरी मारली. एकटी असताना ऐंशीनं पळणारी जीप पंचेचाळीसला कण्हायला लागली. फेटरीच्या पुढे बॉनेटमधून वाफ निघाली. घर आतून मात्र खरंच थंडगार होतं. रस्त्याच्या कडेला चौघं त्या गारव्यात बसून इंजिन निवायची वाट बघत राहिले.

"वजन जास्त झालं का गा?" गोपाळराव म्हणाले.

"हळू चालवलं तेव्हा आरामात ओढत होती," दुर्गेशराव म्हणाले. "वजन असतं तं तेव्हाच कण्हली असती. हे वाऱ्याचं काम आहे."

गोपाळरावांनी घसा साफ केला. "कळमेश्वरच्या एमआयडीसीत एक बॉडीवाला आहे. मी त्याले फोटो पाठवला होता. तो म्हणते, उंची फार झाली, वरचे दोन फूट कापून टाकू. सोमवारी नेतो त्याच्याकडे."

"मग मी घरीच राहते," शोभाताई म्हणाल्या. "तुम्ही खुर्च्या फिरवून आणा."

वंदनाताई उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी पत्र्यावर हात फिरवला. सोमवारी यावर दुसऱ्याचा कटर चालणार होता.

"काका, मले उद्याचा दिवस द्या."

त्याच संध्याकाळी त्या कामठीला भावाकडे गेल्या. त्याच्याकडे हातमागाच्या सुताची रिळं पडलेली असतात. लाल सुताचं एक रीळ घेऊन आल्या आणि रविवारी सकाळी वीतवीतभर दोरे तोडून चिकटपट्टीनं घरभर लावले: समोर, बाजूंना, छताच्या कडेला. कूलर तेवढा सोडला.

"नजर लागू नये म्हणून का?" दुर्गेशरावांनी विचारलं.

"वारा कुठे अडून राहिला ते पाहाले. जिथे नीट जाते तिथे दोरा मुकाट पडून राहीन. जिथे आपटते तिथे नाचीन."

"मग कूलरवर काहून नाही लावले?"

"तिथे पाहाचं काय आहे?"

दुर्गेशराव पुढे झाले. त्यांनी स्वतःच उरलेले दोरे घेतले आणि कूलरच्या चारी कडांना लावून टाकले.

गोपाळराव जीप घेऊन पुढे, शेजारी शोभाताई. बाजूच्या रिकाम्या लेनमधून दुर्गेशरावांची स्कूटर, मागे वंदनाताई, पदर खोचलेला. आधी त्यांनी बाजूची भिंत बघितली. मागच्या अर्ध्या भागात दोरे सरळ पडून होते, जसे काही विंचरलेले. छतावर कठड्यापाशी थोडी वळवळ. मग स्कूटर पुढे सरकली.

समोरच्या कोपऱ्यांवरचे दोरे उलटे उभे राहिले होते. आणि कूलरच्या कडांचे तर वेड्यासारखे फिरत होते, काही पुढच्या बाजूला, जिकडून वारा येत होता तिकडेच.

"दिसलं?" दुर्गेशरावांनी मान न वळवता विचारलं.

"रस्त्याकडे पाहा तुम्ही."

चहाच्या टपरीवर सगळे थांबले. वंदनाताईंनी बशीत चहा ओतला आणि तो तसाच ठेवला.

"काका, उंचीची चूक नाही. चूक माही आहे. मी वाऱ्याले आत बोलावलं, पण बाहेर जायची वाट फक्त दोन झरोक्यांची ठेवली. कूलर म्हणजे समोर उभं केलेलं कपाट झालं. आणि कोपरे मी पेटीसारखे काटकोनात केले. कूलरचे कोपरे तसेच असतात नं. पण कूलर कुठे पळते?"

"मग?"

"कूलर काढते. कोपरे गोल करते. आणि तुमच्या खुर्च्या खाली येतीन."

"खुर्च्या?" गोपाळरावांचा चेहरा पडला.

"तिनं आपला कूलर काढला," शोभाताई म्हणाल्या, "अन् तुम्ही खुर्च्यांसाठी रडून राहिले."

दुपारी दुकानासमोर काम सुरू झालं. रिव्हेट वंदनाताईंनीच मारले होते, त्यांनीच उडवले. कूलरचा पत्रा मोकळा झाला तेव्हा दुर्गेशराव नव्या पत्र्याच्या गुंडाळीकडे वळले.

"हाच घ्या," वंदनाताई म्हणाल्या. "चांगला आहे."

पाण्याचा ड्रम आडवा टाकून त्यावर पत्रा हळूहळू ठोकत त्यांनी दोन मोठे गोलाकार बाक काढले आणि समोरच्या दोन्ही कोपऱ्यांवर चढवले. छताच्या पुढच्या कडेलाही तसाच एक, नव्या पत्र्याचा. समोरचं भोक बंद केलं आणि मागच्या खिडकीत जीपच्या बॅटरीवर चालणारा एक छोटा कूलर बसवला. पेंटरची अक्षरं डाव्या कोपऱ्यावर आली: 'वं' समोरून दिसायचा, 'दना' बाजूनं.

"पुन्हा रंगवून घेऊ," दुर्गेशराव म्हणाले.

"राहू द्या."

उन्हं उतरताना तोच रस्ता. लाल दोरे नव्या कोपऱ्यांवर परत लावलेले. पंचेचाळीस झाले, पन्नास, पंचावन्न. कोपऱ्यांवरचे दोरे थरथरले आणि मागे निजले. फेटरी गेली, वाफ नाही. पुढच्या थांब्यावर गोपाळराव उतरले ते हसतच.

"सत्तर गेली पोरी."

"साठच्या वर न्यायची नाही, काका. वारा तोच आहे. आपण जोरात गेलो की तोही जोरात मारते."

सोमवारी बॉडीवाल्याकडे जायचं का, हे कोणी विचारलं नाही. गोपाळरावांनीही सांगितलं नाही. सकाळी सातला ते घर जोडून निघाले, हे मात्र गल्लीनं बघितलं. वंदनाताई दुकानात एका ताटीला तीन वेळा जाळी ठोकत होत्या.

नऊ वाजता फोन वाजला.

"काका, कळमेश्वरले पोचलात?"

"ते केव्हाच मागे गेलं. काटोलले चहा पिऊन राहिलो. त्या बॉडीवाल्याले सांगितलं फोन करून, आता आलो तं चिखलदऱ्याहून परत येतानाच, अन् तेही फक्त दाखवाले. काटा साठवरच आहे, शपथ. घे, तुही काकू बोलते."

शोभाताईंच्या आवाजामागे भांड्यांचा खणखणाट होता. "मी आत उभी राहून चहा गाळून राहिली वं. ताठ."

वंदनाताईंनी हातोडी खाली ठेवली. "गुडघे?"

"गुडघ्यांचं काही नाही. पण गरम होऊन राहिलं."

"मागच्या खिडकीत छोटा कूलर बसवून दिला नं. थांबलं की चालू करायचा."

"केला तं. गरमच हवा फेकते."

वंदनाताईंनी फोन कानाशी घट्ट धरला आणि क्षणभर पंख्याचा आवाज ऐकला.

"काकू, काकांले विचारा, त्यात पाणी टाकलं का?"

पलीकडे शोभाताईंचा आवाज फोनपासून लांब गेला, "अहो, बादली कुठे ठेवली?"