कुणाचा वशिला लावलास?

ग्रुपवर मी नुसते फोटो बघते, पण आज दुपारपासून मन लागत नाही म्हणून लिहितेय.

माझ्या दीपाला बेळगावात नर्सिंगची सीट लागली, मेरिटवर. सकाळी पेढे घेऊन मी निपाणीतल्या आमच्या गल्लीत निघाले. बायका दारात सुपं घेऊन बिड्या वळत होत्या. शांताक्कानं पेढा घेतला आणि हळूच विचारलं, "कुणाचा वशिला लावलास गं?"

"कुणाचाच न्हाय आक्का. पोरीचे मार्क हायत."

"आमाला सांगितलंस म्हून काय हुतंय?" असं म्हणून ती हसली. पुढच्या चार घरांतही तेच.

मला राग आला नाही. आम्ही वळलेल्या बिड्या कारखान्यात द्यायला जातो तिथं ओळखीच्या बाईच्या बिड्या न बघता पास होतात, आमच्या चांगल्या बिड्या छाट म्हणून बाजूला पडतात. गेल्या वर्षी शांताक्काच्या सुनीताच्या जागी कमी मार्कांची मुलगी वशिल्यानं कॉलेजात गेली. सुनीता आता आईशेजारी बसून बिड्या वळते. त्यांनी माझ्यावर विश्वास का म्हणून ठेवावा?

घरी आले तर दीपा मार्कशीट समोर घेऊन बसलेली.

"आई, खरं सांग. आप्पा कुणाला भेटलं न्हाईत न्हवं?"

मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिनं मान हलवली, पण तिच्यापुढं ठेवलेला पेढा अजून तसाच आहे.

मैत्रिणींनो, गल्लीचं जाऊ दे. ही जागा तिचीच आहे, हे माझ्या लेकीला मी कसं पटवू?