चहा पिणाऱ्याला गाव विचारू नये

आमच्या शीखेंग गावचा पूल लाकडी आहे आणि त्यावर घरासारखं कौलारू छप्पर आहे. दोन्ही कडांना बाकं आहेत. दुपारी अर्धं गाव तिथेच पत्ते खेळतं, आणि उरलेलं अर्धं त्यांना कसं खेळावं ते सांगतं. उन्हाळा लागला की पुलाच्या मधोमध, देवीच्या कोनाड्याशेजारी, चहाने भरलेलं एक लाकडी पिंप येतं. ते शूयिन काकूंचं.

तो मुळात त्यांच्या नवऱ्याच्या आजीचा नवस. पोर तापातून उठलं तर उन्हाळाभर वाटसरूंना चहा पाजीन, असं ती बोलली होती. पोर उठलं, मोठं झालं, म्हातारं होऊन गेलंसुद्धा. नवस घरातच राहिला. शूयिन काकू लग्न होऊन आल्या तेव्हा सासूने पिंप, बांबूचं ओगराळं आणि नवस असं सगळं त्यांच्या हवाली केलं.

या नवसाला दोन अटी आहेत. चहाचे पैसे घ्यायचे नाहीत, आणि पिणाऱ्याला नाव-गाव विचारायचं नाही. विचारलं आणि त्याने सांगितलं, तर ते चहाचं मोल झालं, असं आमच्याकडे धरतात.

पहिली अट काकूंना कधी जड गेली नाही. दुसरीने मात्र त्यांचा जीव घेतला, कारण त्यांच्याइतकी चौकस बाई पंचक्रोशीत नाही. बाजारात भाजी घेताना त्या भाजीवालीच्या सुनेचं माहेर काढतात. मी शाळेत शिकवायचो तेव्हा माझ्या वर्गातल्या मुलांच्या घरची खबर मला त्यांच्याकडूनच कळायची. पण पुलावर ओगराळं हातात घेतलं की ओठ मिटलेले. पाहुणा पाठमोरा झाला की माझ्या कानाशी येऊन म्हणायच्या, "गुरुजी, हा मास्तर असणार. बोटं बघितलीत?" खरं-खोटं कधीच कळायचं नाही, आणि तेच त्यांना रात्रभर छळायचं.

गेल्या उन्हाळ्यात फूचौ शहरातल्या विद्यापीठातून तोंग बाई आल्या. जुने पूल कसे जपावेत आणि ते बघायला येणारे लोक कशासाठी येतात, यावर त्यांचं संशोधन. तालुक्याच्या पर्यटन कचेरीत आमच्या पुलाचा आराखडा तयार होत होता. गाडीतळापाशी तिकिटाची खिडकी, तिच्या शेजारी चहाचं दुकान, दुकानात जुन्या धाटणीचे कपडे घातलेल्या मुली. पुलावर फक्त फोटो काढायचे. पिंप उचलायचं, कारण पाणी सांडून फळ्या कुजतात.

तोंग बाईंच्या मते पिंप जागेवर राहायला हवं होतं. पण नुसत्या त्यांच्या मताला कचेरी भीक घालणार नव्हती. येणाऱ्यांच्या तोंडून काय निघतं ते हवं होतं, आणि तेही शरद पौर्णिमेच्या आत. म्हणून त्या पिंपाशेजारी स्टूल टाकून बसल्या. पहिल्याच पाहुण्याने पेला तोंडाला लावला आणि त्यांनी विचारलं, "आपण कुठून आलात?"

काकूंनी त्या माणसाच्या हातातला पेला अलगद काढून घेतला. "दादा, उत्तर देऊ नका. आधी पिऊन घ्या." मग पेला परत दिला.

"काकू, मी तुमच्यासाठीच विचारतेय," तोंग बाई म्हणाल्या. "हे जमलं नाही तर पिंप जाईल."

"जाऊ दे. नवस मोडून पिंप राखलं, तर त्यात मग गरम पाणीच उरलं ना, पोरी?"

बोलणं शांत होतं, पण दुसऱ्या दिवशी चहा कडू झाला होता. जाड पानं वेळेवर काढायची राहिली होती. अशी चूक त्यांच्या हातून मी पूर्वी पाहिली नव्हती.

उपाय निघाला तो पत्त्यांच्या डावातून. सुतारकाम करणारे लाय आजोबा पान टाकता टाकता म्हणाले, "अट पुलावरची आहे. पूल उतरल्यावर कोणी काहीही विचारो."

"पण पूल संपतो कुठे?" काकूंनी विचारलं.

झालं. डाव तसाच पडला. लाय आजोबा म्हणाले, छप्पर संपतं तिथे. त्यांचा साडू म्हणाला, "तू सुतार, तुला छप्परच दिसणार. दगडी पायऱ्या काय आपल्या सासऱ्याच्या?" कोणी म्हणालं, चहाचा घोट पोटात उतरला की पूल संपला. काकू सगळ्यांचं ऐकून घेत होत्या. शेवटी त्यांनी निकाल दिला. पुलाच्या पूजेला उदबत्ती पायऱ्यांखालच्या कापराच्या झाडाशी लावतात, म्हणजे देवी तिथपर्यंत पूल मानते. झाडाच्या पलीकडे बसायचं.

तोंग बाईंनी स्टूल उचललं आणि झाडापलीकडे नेलं. लोक पूल उतरून आपणहून थांबत. कोणी म्हणे, पूल बघायला आलो होतो, लक्षात चहा राहील. कोणी म्हणे, फुकट दिला म्हणून आधी घाबरलोच.

काकू वरून पाहत असत. ऐकू काही येत नसे. तिसऱ्या-चौथ्या संध्याकाळी पिंप धुऊन झाल्यावर त्या झाडापाशी गेल्या.

"तो लाल टोपीवाला बराच वेळ हातवारे करत होता."

"हो."

"म्हणजे पाय दुखत असणार त्याचे."

तोंग बाईंना हसू आलं. "काकू, सरळ विचारा की."

"मी कुठे काय विचारलं? तुला बोलायचं असेल तर मी काही कान झाकत नाही."

"नाव नाही सांगणार मी."

"नाव घेऊन काय करायचंय? लग्न झालंय का त्याचं, तेवढं सांग."

मग ते रोजचंच झालं. इतक्या वर्षांत मनात साठलेल्या अंदाजांतले किती बरोबर आले असते, याचा काकूंना अंदाज आला. फार थोडे. त्याच आठवड्यात एका पाहुण्याला त्या मास्तर समजल्या होत्या, तो खाटीक निघाला. त्याचा त्यांना इतका आनंद झाला की दोन दिवस सगळ्यांना सांगत होत्या.

पौर्णिमेच्या आधी आराखडा ठरला. दुकान गाडीतळाशी होणार, पण पिंप पुलावर, काकूंच्याच हाती राहणार, फक्त खाली पाणी झेलायला परात ठेवायची. लोकांची बोलणी कचेरीत वाचून दाखवली तेव्हा पिंप उचलायची ओळ तिथल्या तिथे खोडली गेली, असं तोंग बाईंनी फोनवर सांगितलं. काकूंनी त्याच दिवशी तांब्याची परात घेतली.

तोंग बाई आता दुसऱ्या पुलांवर असतात. यंदा पिंप पुलावर आलं त्या सकाळी काकू माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"गुरुजी, घरात बसून करता काय? झाडाखाली छान वारा असतो."

"माझ्या घरातही असतो."

"तिथे माणसं उतरतात. तुम्हाला प्रश्न विचारायची सवय आहेच."

तेव्हा सध्या मी दुपारी झाडापलीकडे खुर्ची टाकून बसतो. काकू अधूनमधून ओगराळं उंच धरून खूण करतात. म्हणजे आता उतरणाऱ्याला जरा नीट विचारायचं.